सॅफोचं गीत : भान हरपणं आणि भान असणं

गेली काही व्याख्यानं आपण भावना आणि विवेक यांच्या नात्याबद्दल बोलतो आहोत. आज त्याच प्रश्नाकडे एका प्रेमगीताच्या वाटेनं जाऊ या. गीत जुनं आहे, म्हणजे जवळजवळ सव्वीसशे वर्षांपूर्वीचं. हाती उरलेला मजकूर जेमतेम सतरा ओळींचा. भाषा ग्रीक, कवयित्री सॅफो. अभ्यासक त्याला ‘एकतिसावं गीत’ म्हणतात, कारण तिच्या उपलब्ध रचनांच्या प्रमाणित आवृत्तीत त्याचा क्रमांक ३१ आहे. प्रेमाच्या आवेगात माणसाचं काय होतं, याचं पाश्चात्त्य परंपरेतलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध वर्णन ते हेच.

यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम, असं कोणी विचारेल. काम आहे. प्रेमात भान जातं, असं आपण सगळेच म्हणतो. पण भान जातं म्हणजे नेमकं काय जातं आणि मागे काय उरतं, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. शिवाय त्याचं आपण काय उत्तर देतो, त्यावर आज आपल्या आजूबाजूला प्रेमाच्या नावाखाली जे चालतं त्याकडे कसं बघायचं, हेही ठरतं. तिथं आपण शेवटी येऊच.

आधी थोडी ओळख. सॅफोचा जन्म इ. स. पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला, लेस्बॉस बेटावरचा. हे बेट आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर आहे. म्हणजे सॉक्रेटिसच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीची ही बाई. तिच्या रचना वाचण्यासाठी नव्हत्या, लायर नावाच्या तंतुवाद्याच्या साथीनं गाण्यासाठी होत्या. आपण ‘लिरिक’ हा जो शब्द वापरतो तो त्या वाद्यावरूनच आला. पुढे अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी तिच्या गीतांची खंडवार संपादित आवृत्ती केली. ती हरवली. आज पूर्ण म्हणता येईल असं जवळजवळ एकच गीत आपल्या हाती आहे. बाकी सगळे तुकडे : काही इतर लेखकांनी उद्धृत केले म्हणून वाचलेले, तर काही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या चिंध्यांवरचे.

आपलं गीत वाचलं ते एका साहित्यशास्त्राच्या ग्रंथामुळे. लाँजायनसच्या नावावर असलेला ‘उदात्ता’वरचा तो निबंध आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचयाचा आहे. त्याच्या दहाव्या प्रकरणात लेखकानं उदाहरण म्हणून हे गीत घेतलं. चार कडवी पूर्ण दिली, पाचवं सुरू झालं आणि तिथंच मजकूर तुटला. तो तुटका शेवट लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

रचनेबद्दल एकच गोष्ट सांगतो. प्रत्येक कडव्यात अकरा अक्षरांच्या तीन ओळी आणि मग पाच अक्षरांची एक आखूड ओळ. आपल्या ओवीचा घाट आठवा : तीन चरण सारखे चालतात आणि चौथा आखूड होऊन थांबतो. छंदांचे नियम अगदी वेगळे, यमकाचा ग्रीकमध्ये प्रश्नच नाही. पण तिसऱ्यानंतर श्वास किंचित आवरता घेण्याची ती लकब मराठी कानाला परकी वाटणार नाही.

आता गीतात घडतं काय, ते आपल्या शब्दांत बघू. तीन माणसं आहेत. एक तरुणी बोलते आहे, गोड हसते आहे. तिच्यासमोर एक पुरुष बसून ऐकतो आहे. या दोघांना दुरून पाहणारी, गीत गाणारी, ही तिसरी. ती म्हणते की तो पुरुष मला देवांच्या तोडीचा वाटतो. नंतर त्या पुरुषाचा उल्लेखच नाही. तो पहिल्या दोन कडव्यांत येऊन जातो आणि मग सुरू होतो तिच्या स्वतःच्या शरीराचा वृत्तांत. काळीज हलतं. क्षणभर जरी नजर गेली तरी आवाज उमटत नाही. जीभ निकामी होते. त्वचेखालून बारीक आग धावते. डोळ्यांना दिसेनासं होतं, कान घुमू लागतात, घाम सुटतो, सगळ्या अंगाला कंप सुटतो, रंग गवतापेक्षाही फिका-हिरवा पडतो. मरण अगदी जवळ आल्यासारखं तिला वाटतं. एवढंच. ती तरुणी कोण, पुढे काय झालं, तिला हे कळलं का, याबद्दल एक अक्षर नाही.

भाषांतर करणाऱ्याची इथं एक गंमत होते. ग्रीकमध्ये गाणारी व्यक्ती स्त्री आहे हे व्याकरणातून कळायला चौथं कडवं उजाडावं लागतं. तोवर ‘मला’, ‘माझं’ एवढंच आहे. मराठीत मात्र ‘मी बघते’ म्हटलं की पहिल्याच क्रियापदाला उलगडा झाला. तेव्हा मराठीत हे गीत आणायचं तर बोलणारीचं ‘मी’पण मोघम ठेवून वाक्यं फिरवावी लागतील. रोमन कवी कॅटलसनं इ. स. पू. पहिल्या शतकात याचं लॅटिन रूपांतर केलं, तेव्हा गाणारा पुरुष झाला आणि अखेरीस त्यानं आपल्याच रिकामपणाला दोष देणारं एक कडवं आणलं. म्हणजे हा आवेग रिकामटेकडेपणातून आलेला रोग आहे, असा उपदेश स्वतःलाच करून तो मोकळा झाला.

गीताचा अर्थ काय, यावर बरेच वाद झाले. त्यातले तीन आपण घेऊ.

पहिलं उत्तर : हे मत्सराचं गीत आहे. तो पुरुष तिच्याजवळ बसला आणि मी इथं दूर, म्हणून ही तडफड. याच्या जवळपासचं एक मत जर्मन पंडित विलामोवित्झ यांनी मांडलं होतं. हे तेच, ज्यांनी तरुण वयात नीत्शेच्या पहिल्या पुस्तकावर कडाडून टीका केली होती. त्यांच्या मते प्रसंग लग्नाचा आहे, समोरचा पुरुष नवरदेव आहे आणि वधूचं कौतुक करण्यासाठी हे गायलं गेलं. पुढे डेनिस पेज यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते खोडून काढलं. आम्हालाही लग्नाचं मत पटत नाही, कारण वधूचं कौतुक करताना कोणी आपण मरायला टेकलो असं सविस्तर सांगत बसत नाही. मत्सरही पुरा पडत नाही. मत्सरी माणसाचे डोळे प्रतिस्पर्ध्यावर खिळलेले असतात; इथं तर प्रतिस्पर्धी दुसऱ्या कडव्यानंतर उरतच नाही. मूळ ग्रीकमध्ये त्याच्यासाठी आलेलं सर्वनामही ‘जो कोणी’ अशा छटेचं आहे. तो एक माप म्हणून आला आहे. इतक्या जवळ बसून जो शांतपणे ऐकू शकतो तो देवच असला पाहिजे. माझं बघा, नुसत्या नजरेनं काय झालं!

दुसरं उत्तर : ही रोगाची लक्षणं आहेत. हे उत्तर फार जुनं आहे. प्लुटार्कनं एक कथा सांगितली आहे, ती इ. स. पू. ३००च्या आसपासची. सेल्यूकस राजाचा मुलगा अँटायोकस खंगत चालला होता. एरासिस्ट्रेटस नावाचा वैद्य त्याच्या उशाशी बसून राहिला आणि खोलीत कोण आलं की काय होतं, ते बघत राहिला. राजाची तरुण राणी, म्हणजे मुलाची सावत्र आई स्ट्रॅटोनिकी, आत आली की याचा आवाज जायचा, चेहरा लाल व्हायचा, घाम सुटायचा, नाडी बिघडायची. प्लुटार्क स्पष्टच म्हणतो की ही सॅफोनं सांगितलेलीच लक्षणं. वैद्यानं निदान केलं. राजानं आपली राणी मुलाला दिली आणि मुलगा बरा झाला. सेल्यूकस म्हणजे चंद्रगुप्त मौर्याशी तह करणारा तोच, हे आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगायला हरकत नाही. या कथेत राणीला काय वाटलं, हे मात्र कोणी विचारत नाही. तेही ध्यानात ठेवू.

विसाव्या शतकात जॉर्ज डेव्हेरो यांनी १९७० साली हेच नव्या भाषेत सांगितलं की हा चिंतेचा झटका आहे. निदान बरोबर असेलही. पण त्यातून गीताचा उलगडा होत नाही. ज्याला झटका येतो तो हे गीत रचू शकत नाही, निदान त्या क्षणी तरी. मग हे बोलतं आहे कोण?

या प्रश्नापाशी पोहोचवणारं तिसरं उत्तर लाँजायनसचं. त्याला नवल वाटतं ते असं : जीव, शरीर, कान, जीभ, डोळे, त्वचा ही सगळी जणू दुसऱ्याची असावीत आणि हरवलेली असावीत, अशी ही बाई ती एकेक शोधत जाते. त्याच्या मते ही एकटी भावना नव्हे, भावनांचं संमेलन आहे. आणि कवयित्रीचं सामर्थ्य कशात? नेमक्या खुणा निवडण्यात आणि त्या एकत्र गुंफण्यात. आता बघा, निवडणं आणि गुंफणं ही भान असलेल्या माणसाची कामं आहेत.

इथं आपण भरतमुनींकडे वळू या, कारण हाच प्रश्न नाट्यशास्त्रानं स्वतंत्रपणे हाताळला आहे. कीर्तनामुळे ‘अष्टसात्त्विक भाव’ हा शब्द आपल्या तोंडी रुळलेला आहे. ते आठ असे : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. सॅफोची यादी शेजारी ठेवा. आवाज जाणं म्हणजे स्वरभंग. घाम म्हणजे स्वेद, थरथर म्हणजे वेपथू, रंग उडणं म्हणजे वैवर्ण्य, आणि मरणाच्या दारात पोहोचणं हे प्रलयाच्या अगदी जवळ. एकमेकांचा वाराही न लागलेल्या दोन परंपरांत पाच गोष्टी जुळतात, कारण माणसाचं शरीर सगळीकडे एकच आहे. याचं आश्चर्य करायचं कारण नाही.

विचार करायला लावतात ते फरक. पहिला फरक : सॅफोच्या यादीत अश्रू नाहीत. प्रेमगीत आहे, मरण जवळ आलं आहे आणि डोळ्यांत पाणी नाही. अश्रू दुसऱ्याला काहीतरी सांगतात, त्याच्याकडून काहीतरी मागतात. इथं मागणंच नाही. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. त्वचेखालची आग, डोळ्यांपुढचा अंधार, कानातली घुमघुम या तीन गोष्टी भरताच्या यादीत नाहीत. का नाहीत? भरत नटाला शिकवतो आहे. प्रेक्षकाला समोरून दिसेल तेच त्याच्या कामाचं. घाम दिसतो, कंप दिसतो, रंग उडालेला दिसतो. त्वचेखालची आग मात्र ज्याची त्यालाच कळते. म्हणजे सॅफोच्या वर्णनात आतून कळणाऱ्या आणि बाहेरून दिसणाऱ्या अशा दोन्ही खुणा आहेत.

आता त्या गवताच्या रंगाकडे या. ग्रीक शब्द ‘ख्लोरॉस’ हा कोवळ्या कोंबाचा पिवळट हिरवा रंग सांगतो. आपण ‘पांढरी फटक पडली’ म्हणतो, तसं. पण स्वतःचा चेहरा फिका पडलेला स्वतःला कसा दिसणार? त्यातून आत्ताच काही ओळींपूर्वी डोळ्यांना काही दिसत नाही असं ती म्हणाली आहे! डोळे गेले आणि तरी ती स्वतःला बघते आहे. हे अनवधान नाही, याचा पुरावा गीतातच आहे. गीताचा पहिला शब्द ‘दिसतो, भासतो’ या अर्थाचं क्रियापद आहे : तो पुरुष मला असा भासतो. आणि चौथ्या कडव्याच्या अखेरीस तेच क्रियापद परत येतं, आता स्वतःबद्दल : मी मलाच अशी भासते. तत्त्वज्ञानातला ‘फिनॉमिनन’ हा शब्द याच धातूचा. दुसऱ्याच्या भासण्यापासून निघालेली नजर स्वतःच्या भासण्यापर्यंत येऊन पोहोचली. चार कडव्यांचा प्रवास तो हा.

म्हणून या गीताचा अर्थ आम्ही असा लावतो : आवेगात एक एक इंद्रिय गळून पडतं, पण बघणारी गळून पडत नाही. उलट इतर सगळं गेल्यामुळे ती पहिल्यांदाच उघडी पडते. आपल्याला लगेच मुंडकोपनिषदातले दोन पक्षी आठवतील, एक फळ खाणारा आणि दुसरा नुसता बघणारा. तुलना योग्य आहे, पण अर्ध्यापर्यंतच. तिथला बघणारा पक्षी अलिप्त आहे. सॅफोची बघणारी अलिप्त नाही. जळते आहे तीच बघते आहे. भरतानंही सत्त्वाची उपपत्ती सांगताना ते समाहित मनातून, म्हणजे एकाग्र मनातून उपजतं असं म्हटलं आहे. खरा कंप आणायला मन एकवटावं लागतं. भान हरपणं आणि भान असणं एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे आपलं गृहीतच इथं डळमळीत होतं.

हे गृहीत प्लेटोनंही तपासलं आहे. ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस सॅफोचं नाव आदरानं घेतो. त्या संवादात आधी असं मांडलं जातं की प्रेमात पडलेला माणूस आजारी असतो, तेव्हा त्याच्यापासून दूर राहावं. सॉक्रेटिस स्वतःही तशा बाजूचं एक भाषण करतो आणि मग ते मागे घेतो. वेडाचे प्रकार असतात, तो म्हणतो, आणि प्रेमाचं वेड ही देणगीही असू शकते. त्यानंतर तो रथाची प्रसिद्ध उपमा देतो. एक सारथी, दोन घोडे. सौंदर्य समोर आलं की काळा घोडा झेप घ्यायला धावतो. सारथी मात्र त्याच सौंदर्याच्या दर्शनानं दिपून मागे पडतो, आणि त्या मागे पडण्यानंच लगाम खेचला जातो. ही बारीक जागा सहसा आपल्या नजरेतून निसटते. लगाम खेचण्यासाठी बाहेरून विवेक आणावा लागत नाही. जे पाहून आवेग उठला, तेच पाहून आदरही उठतो. सॅफोच्या गीतात घाम आहे, कंप आहे, आग आहे, फक्त झेप नाही. ती जागची हलत नाही.

आता आजच्याकडे येऊ. वर्तमानपत्रात ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ असा मथळा आपण किती वेळा वाचतो! त्या मथळ्यात प्रेम हे कारण म्हणून येतं. जणू प्रेमाचं प्रमाण वाढलं, भान सुटलं आणि हात उठला. नकार देणाऱ्या मुलीचा पाठलाग करणारा नायक आपल्या चित्रपटांनी कैक वर्षं कौतुकानं दाखवला, त्यामागेही हीच समजूत. सॅफोचं गीत एकतर्फी प्रेमाचंच आहे. त्याहून तीव्र आवेग साहित्यात दाखवणं कठीण. पण त्या आवेगाचा सगळा आघात कोणावर होतो? जिला तो झाला तिच्यावर. समोरची तरुणी हसत बोलत राहते, तिचा एक केसही हलत नाही. तेव्हा ‘प्रेमापोटी भान राहिलं नाही’ ही सबब या गीतापुढे टिकत नाही. दुसऱ्यावर जे कोसळतं ते प्रेमाचं आधिक्य नसतं. तो काळा घोडा असतो, किंवा नुसता दुखावलेला मालकी हक्क. मघाची सेल्यूकसची गोष्ट आठवा. तिथं आजार मुलाचा, औषध मात्र एक जिवंत बाई, आणि तिला कोणी विचारलं नाही. ज्या क्षणी आपण आवेगाला निव्वळ रोग म्हणतो, त्या क्षणी समोरच्या माणसाचं औषध होतं. म्हणून निदान पुरेसं नाही म्हटलं.

अर्थात, गीतातून सरळ ‘आवेग आवरा’ असा उपदेश काढायचा मोह होईल. तोही टाळू या. सॅफो आवेगाला नावं ठेवत नाही, कॅटलससारखी स्वतःला दटावत नाही, आणि बरं व्हायचंही म्हणत नाही.

मग काय म्हणते? इथं तो तुटका शेवट येतो. पाचव्या कडव्याच्या सुरुवातीला ‘पण’ आहे आणि पुढे ‘तोल्माटॉन’ असा एक शब्द आहे. मग गरीब माणसाचा उल्लेख येतो आणि मजकूर संपतो. या शब्दाचा धातू दोन अर्थांचा आहे : सोसणं आणि धजावणं. हे सगळं सोसलंच पाहिजे, असं ती म्हणते की हे सगळं धाडसानं करता येईल असं म्हणते, यावर भाषांतरकारांचं एकमत नाही. इंग्रजीत दोहोंपैकी एक निवडावा लागतो. मराठीत मात्र आपल्याला एक सोय आहे. आपण धीर ‘धरतो’ म्हणजे सोसतो, आणि धीर ‘करतो’ म्हणजे धजावतो. शब्द तोच, धीर. आपल्या भाषेला हे आधीच माहीत आहे की सोसायला आणि पुढे पाऊल टाकायला लागणारं बळ एकाच जागेवरून येतं.

ती जागा कोणती, हे चार कडव्यांनी दाखवलं. डोळे, कान, जीभ गेल्यावरही जी बघत राहिली तिच्यापाशी हा धीर आहे. तो धरून तिनं काही मागितलं नाही आणि तो करून तिनं हे गीत गायलं. आवाज गेला असं सांगणारं गीत तिनं आवाजात गायलं, यात तिच्या धिटाईचा पुरावा आहे.

पुढच्या वेळी आपण ‘फीड्रस’ सविस्तर घेऊ, विशेषतः वेडाचे चार प्रकार. तोवर एक प्रश्न तुमच्यावर सोपवतो. आपण ‘भान सुटलं’ म्हणतो, ‘भान विसरलो’ म्हणतो आणि ‘देहभान हरपलं’ असंही म्हणतो. या तिन्हींत कर्ता कोण आहे ते नीट तपासा. ज्याचा जबाब घ्यायचा असा कोणीतरी तिथं उरतो का? शंका जरूर कळवा.